जाईबाईंच्या पायाखालचं बटण

माया भालेराव हिला थांबणं म्हणून कधी जमलंच नाही. चहाला उकळी यायच्या आत ती गाळणी हातात घेऊन उभी असते. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर देऊन झालेलं असतं, आणि निम्म्या वेळा ते भलत्याच प्रश्नाचं असतं. कोलशेतच्या एका कंपनीत ती पॅकिंगला आहे. तिथे एका खोक्यावर पट्टी बसते न बसते तोच पुढचा खोका तिने ओढलेला असतो, त्यामुळे सुपरवायझर तिच्यावर खूश आणि शेजारी बसणाऱ्या बायका तिच्यावर वैतागलेल्या असतात.

अशा बाईने चाळिशी उलटल्यावर प्रोग्रॅमिंग शिकावं, हे तिच्या घरात कुणाला पटलं नसतं. पण तो सगळा तिच्या मुलीचा, संचिताचा प्रताप. कल्याण पूर्वेत त्यांच्या चाळीजवळच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे रत्नदीप नावाचा तरुण इंजिनिअर दर रविवारी शाळकरी मुलांना सर्किट बोर्डाचा वर्ग घ्यायचा. फी नाही, काही नाही. संचिता दोन रविवार गेली आणि तिसऱ्या रविवारी तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"मम्मी, बोअर होतं यार. मी नाय जात."

"अगं, फुकट शिकवतोय तो. त्याचं सामान तरी परत नेऊन दे."

संचिताने चादरीतूनच हात हलवला. तेव्हा सामानाचा डबा घेऊन माया स्वतः जिना चढली, मुलांना बोअर कशाला करतोस म्हणून त्याला दोन शब्द ऐकवायच्या तयारीने. रत्नदीपने ते दोन शब्द शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, आल्याच आहात तर पाच मिनिटं बसा. एक दिवा लावून जा."

दिवा म्हणजे मुगाएवढा लाल बल्ब. तळहातात मावेल असा निळा बोर्ड, त्यातून निघालेली वायर लॅपटॉपला जोडलेली. रत्नदीपने तिला सांगितलं की या बोर्डाला आपण जे लिहून देऊ तेवढंच तो करतो, स्वतःची अक्कल चालवत नाही. लिहिण्याचे दोन भाग. पहिला 'सेटअप'. बोर्ड सुरू झाला की तो भाग एकदाच चालतो. कुठल्या पिनेला काय जोडलंय, हे तिथे सांगून टाकायचं. दुसरा 'लूप'. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून, वीज आहे तोवर. दोन्ही भाग महिरपी कंसात घालायचे, आणि प्रत्येक आज्ञा संपली की अर्धविराम द्यायचा.

"कळलं का ताई? की परत सांगू?"

"कळायचं काय त्यात," माया म्हणाली. "कार्यक्रमाआधी ढोलकी चढवतात ना, दोऱ्या ओढून, सूर लावून? तो तुझा सेटअप. एकदाच करायचा. आणि मग ठेका धरला की तो फिरून फिरून समेवर येतो, तो लूप."

रत्नदीप तिच्याकडे बघतच राहिला, कारण चार वर्षं कॉलेजात बसूनही हे त्याला कुणी असं सांगितलं नव्हतं. पण माया तोवर कीबोर्डकडे वळली होती. एका एका बोटाने तिने टाइप केलं. तेरा नंबरची पिन हाय, म्हणजे दिवा लागला. डिले एक हजार, म्हणजे एक सेकंद तसंच राहा. मग पिन लो, म्हणजे दिवा विझला. पुन्हा डिले. बोर्डात पाठवायला गेली तर खाली लाल अक्षरांची रांग उमटली. एका ओळीचा अर्धविराम तिने खाल्ला होता आणि कॉम्प्युटर बोट दाखवत होता त्याच्या खालच्या ओळीवर. "चूक एकाची, ओरडा दुसऱ्याला. आमच्या कंपनीसारखंच आहे हे," असं पुटपुटत तिने अर्धविराम भरला.

दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. माया खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. तिने लिहिलेलं तो बोर्ड खरंच करत होता. घरात मुलगी ऐकत नाही, कंपनीत कुणी विचारत नाही, आणि हा एवढासा निळा तुकडा तिच्या शब्दाला मान देत होता. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तिने समोरच्या मुलांना उगाच दटावलं. मग तिने डिलेतला हजार खोडून अडीचशे केले, दिवा भरभर उघडमीट करू लागला, आणि पाच मिनिटांसाठी बसलेली बाई दुपारी जेवायला घरी गेली.

आता तिच्या घरात ढोलकी कुठून आली ते सांगायला हवं. मायाचे वडील सीताराम भालेराव, म्हणजे तिचे आबा, उभी हयात जाईबाईंच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत आले. जाईबाई टिटवाळ्याच्या. भीमगीतं, बुद्धगीतं स्वतः रचायच्या आणि स्वतःच गायच्या, आवाज असा की माइक नुसता शोभेला. त्या उभ्या राहून गातात आणि उजव्या पायाच्या टाचेने ताल धरतात. बाईंची टाच पडते तोवर वाजवायचं, टाच थांबली की सगळ्यांनी थांबायचं, हा त्या पार्टीचा कायदा. आणि टाच थांबायची ती बक्षिसासाठी. गाणं रंगात आलं की श्रोत्यांतून कुणीतरी उठून स्टेजवर नोट घेऊन येतो. मग गाणं अधांतरी ठेवायचं, पेटीने नुसता सूर धरायचा आणि निवेदकाने देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारायचं. नाव संपलं की बाईंची टाच दणकन पडते, आणि त्याच क्षणी ढोलकीची थापही पडली पाहिजे. ती एक थाप ऐकायला लोक लांबून लांबून यायचे.

गेल्या दोन वर्षांत आबांचे कान गेले. मशीन लावून बघितलं, पण स्टेजवरच्या स्पीकरांत त्या मशीनने सगळ्याचाच कालवा केला. हात तसेच होते, बोटांत तोच जोर होता, पण बाई कुठे थांबल्या आणि कुठे सुरू झाल्या ते त्यांना कळेना. टाच बघावी तर ती लुगड्याच्या काठाआड. एका कार्यक्रमात नाव पुकारणं चालू असताना आबांची ढोलकी सुरूच राहिली आणि लोक हसले. आबांनी ते हसणं ऐकलं नाही, पाहिलं मात्र.

त्यानंतर पार्टीचा निवेदक कमलेश घरी आला. पार्टीचं सगळं तोच बघतो, मनाने वाईट नाही. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात सीतारामदादांचा सत्कार करू, शाल घालू, स्टेजवर मानाने खुर्चीत बसवू, असं तो म्हणाला. ढोलकीला कोण, ते त्याने सांगितलं नाही. आबांनी त्याच्या ओठांवरून सगळं ओळखलं, न बोललेलंही.

"खुर्चीत बसून काय करू?" ते म्हणाले. "टाळ्या वाजवू?"

त्या दिवसापासून आबांनी ढोलकीला गवसणी घातली ती काढली नाही. मायाला ते बघवत नव्हतं. आणि आता तिच्या हातात तो निळा बोर्ड आला होता.

पुढच्याच रविवारी तिने रत्नदीपसमोर आपला बेत मांडला. केरवा आठ मात्रांचा. आठ बल्ब ओळीने लावायचे, प्रत्येक मात्रेला एक पेटेल, समेचा तेवढा हिरवा. आबांनी ती ओळ समोर ठेवायची आणि बघून वाजवायचं. रत्नदीपने वायरी जोडायला मदत केली, प्रोग्रॅम मात्र तिने स्वतः लिहिला. एक पेटव, डिले, विझव, दुसरा पेटव, डिले, विझव. लांबच लांब झाला, पण चालला. घरी आणून तिने तो आबांसमोर चालू केला तेव्हा आबा आधी नुसते बघत राहिले. मग त्यांनी गुडघ्यावर बोटं वाजवली. मग उठून ढोलकीची गवसणी काढली. त्या चाळीत त्या दुपारी एवढी ढोलकी वाजली की संचिताचे कान किटले आणि शेजारची म्हातारी दारात येऊन बसली. मायाला तर जग जिंकल्यासारखं झालं होतं. तिने तिथल्या तिथे कमलेशला फोन केला.

"तालमीला आबा येतायत. आणि ढोलकी घेऊन येतायत."

तालीम विहाराच्याच हॉलमध्ये होती. पहिला अंतरा झकास गेला. दुसऱ्या अंतऱ्याला जाईबाईंना रंग चढला आणि लय चढली, जशी ती नेहमी चढते. बल्ब बिचारे ठरल्या चालीनेच पळत होते. आबा बल्बांबरोबर, बाकीचे बाईंबरोबर, आणि मध्ये हळूहळू दरी पडत चालली. तेवढ्यात कमलेशने सवयीने खिशातून नोट काढली, कारण बक्षिसाचीही तालीम असते. बाईंची टाच थांबली. पेटीने सूर धरला. बल्ब पेटत राहिले, विझत राहिले, आणि त्या ओळीवर डोळे लावून आबा एकटेच जोरजोरात वाजवत राहिले. कमलेशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. आबांनी ढोलकी बाजूला ठेवली.

"मायाताई, वाईट वाटून घेऊ नका," कमलेश जिन्यात म्हणाला. "सगळं जमेल, पण बक्षिसाला थांबता आलं पाहिजे. नाव पुकारताना ढोलकी वाजली तर देणाऱ्याचा अपमान होतो. तेवढं एक जमलं तर मी दादांना खुर्चीत बसवणार नाही, शब्द देतो."

माया तरातरा घरी आली. तिचा राग आधी कमलेशवर होता, मग बल्बांवर आणि शेवटी स्वतःवर आला. लहानपणापासून ती स्टेजच्या कडेला बसून कार्यक्रम बघत आली होती. नावं पुकारल्याशिवाय पार पडलेलं एकही गाणं तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि तरी तिने प्रोग्रॅम लिहिला तो गाणं जणू रेडिओवर वाजणार असल्यासारखा, एका दमात.

रविवारी ती वर्गात गेली ती तोंड पाडून. रत्नदीप मुलांना बटण शिकवत होता. बटण दाबलं की दिवा लागायला हवा. मायाने आपल्याच बोर्डाला बटण जोडलं आणि जुन्या प्रोग्रॅमच्या शेवटी दोन ओळी वाढवल्या. मग दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, तरी काही नाही.

"बिघडलंय रे हे."

"बिघडलेलं नाय ताई. तो डिलेत आहे," रत्नदीप म्हणाला. "डिले सांगितला की बोर्ड तेवढा वेळ गप्प बसतो. तेव्हा तुम्ही बटण दाबा, काहीही करा, त्याला ऐकूच येत नाही."

मायाने बटणावरचं बोट उचललं.

"म्हणजे बहिरा," ती म्हणाली. "मी बहिऱ्या माणसाच्या मदतीला आणखी एक बहिरा आणून बसवला."

आणि मग तिला एकदम सगळं दिसलं. ताल बोर्डाने धरायचाच नव्हता. ताल धरायला जाईबाई होत्या. बोर्डाने फक्त बाईंची टाच ऐकायची आणि आबांना सांगायची. आठ बल्ब नकोत, डिले नको, मात्रा मोजणं नको. ती इतक्या घाईने बोलू लागली की रत्नदीपला दोनदा विचारावं लागलं. बाईंच्या पायाखाली बटण. टाच पडली की आबांच्या गुडघ्याला काहीतरी थरथरलं पाहिजे. मोबाइल थरथरतो तसं.

"त्यात छोटी मोटर असते," रत्नदीप म्हणाला. आता त्यालाही चेव आला होता. "जुन्या फोनमधली काढू. फक्त ती सरळ पिनेला जोडायची नाही, पिनेला तेवढा भार झेपत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर लावून देतो मी."

प्रोग्रॅम तिने तिथेच बसून लिहिला. सेटअपमध्ये दोन ओळी, एक बटणाच्या पिनेची, एक मोटरच्या पिनेची. लूपमध्ये एक 'इफ', म्हणजे 'जर'. जर बटण हाय, तर मोटर हाय. 'एल्स', म्हणजे नाही तर, मोटर लो. बस्स. आठ बल्बांचं लांबलचक पुराण खोडून एवढंसं उरलं, आणि ते बघून ती एकटीच हसत सुटली.

घरी आबांच्या गुडघ्याला मोटर बांधली ती त्यांच्याच गुडघेदुखीच्या पट्ट्यात खोचून. बोर्ड संचिताच्या जुन्या टिफिनच्या डब्यात. चालू केलं तर मोटर थांबेचना.

"हे काय गं सारखं गुरगुरतंय?" आबांनी विचारलं.

मायाने बटण दाबलं. मोटर थांबली. सोडलं तर पुन्हा सुरू. सगळं उलटंच चाललं होतं. तिने रत्नदीपला फोन लावला, आणि तो पलीकडे कपाळाला हात लावून म्हणाला, "सॉरी ताई, सांगायचं राहिलं. आपण बटण ज्या पद्धतीने जोडलंय त्यात दाबलं नाही तर हाय असतं. दाबलं की लो."

"दाबलं की लो? हा कुठला न्याय?" माया म्हणाली. पण रत्नदीपने घरी न्यायला दिलेल्या लॅपटॉपवर तिने 'जर बटण लो' असं लिहिलं आणि पुन्हा दाबलं. आबांचा गुडघा थरथरला. तिने दोनदा दाबलं, मग तीनदा भरभर. आबांची बोटं आपसूक ढोलकीकडे गेली. ज्या संचिताने वर्ग सोडला होता ना, तीच आता कॉटवरून उतरली आणि म्हणाली, "मम्मी, मला दाबू दे." पुढचा तासभर नातीने हवं तेव्हा थांबायचं आणि आजोबांनी थांबायचं, असा खेळ चालला. ती त्यांना चकवायला बघत होती आणि ते चकत नव्हते.

राहिल्या जाईबाई. मायाने रबरी चपलेचा तळ कापून त्यात बटण बसवलं आणि टिटवाळ्याला नेऊन दाखवलं. बाईंनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"माये, स्टेजवर तथागतांची मूर्ती असते, बाबासाहेबांचा फोटो असतो. तिथे मी चपलेवर उभी राहू?"

"अहो बाई, चप्पल कुठे आहे आता ती? नुसता तुकडा आहे."

"तुकडा कशाचा आहे? चपलेचाच ना?"

मायाने तुकडा पिशवीत टाकला. बाई उठल्या, ट्रंक उघडली आणि आपलं एक विरलेलं पांढरं लुगडं तिच्यापुढे टाकलं. "याची घडी शीव. गोधडीसारखी. त्यावर उभी राहीन." मायाने पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बटण धरून वरून लुगड्याची घडी शिवली. तालमीला वेळ उरला नव्हता. थेट कार्यक्रमच.

बुद्धपौर्णिमेला विहाराजवळच्या मैदानात मांडव उभा राहिला. ऊन नुकतंच उतरलं होतं, खिरीचे द्रोण फिरत होते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंज्यांवर सरकून सरकून बसत होती. स्टेजवर एका बाजूला ती खुर्ची होती, तिच्या पाठीवर शालही होती. कमलेश आपला शब्द विसरला नव्हता, आणि आपली सावधगिरीही. पहिलं गाणं दादांचं, असं ठरलं होतं. त्यात बक्षिसाला थांबले तर पुढची सगळी गाणी त्यांची. नाही थांबले तर खुर्ची.

आबा मांडी घालून ढोलकीशी बसले. पट्ट्याखालून निघालेली वायर टिफिनच्या डब्यात गेली होती आणि डब्यातून बाईंच्या पायाखालच्या घडीत. जाईबाईंनी हात जोडले, टाच टेकली, आणि गाणं उचललं. पहिल्या टाचेला आबांनी मान हलवली. दुसरीला थाप पडली. माया पुढच्याच सतरंजीवर होती, आणि तिला वाटत होतं की आपण श्वास घेतला तरी काहीतरी बिघडेल. अंतरा झाला. बाईंना रंग चढला, लय चढली, आणि ढोलकी त्यांच्याबरोबर चढली, कणभर मागे नाही, कणभर पुढे नाही. लोक डोलायला लागले. रत्नदीप मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तो नखं कुरतडत होता.

पण बक्षीस द्यायला कुणी उठेना. पहिलंच गाणं, लोक अजून खिरीत होते. तिसरा अंतरा सुरू झाला. म्हणजे गाणं संपत आलं होतं, आणि थांबायची वेळ आलीच नसती. कमलेश खुर्चीकडे बघत होता, मग आबांकडे. माया घायकुतीला आली. पास नाही, नापास नाही, असं हे अधांतरी गेलं तर उद्या काय, परवा काय? तिच्याने बसवेना. तिने पर्स उघडली, हाताला लागली ती नोट घेतली आणि सरळ स्टेजच्या पायऱ्या चढली.

तिने नोट पेटीवर ठेवली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांची टाच थांबली.

मायाचे डोळे आबांच्या उजव्या हातावर होते. थापेसाठी वर गेलेला तो हात वरच राहिला. दुसरा हात ढोलकीवर अलगद टेकला. पेटीचा सूर तेवढा हवेत होता.

कमलेशने माइक जवळ घेतला. "आपले ढोलकीवाले सीतारामदादा भालेराव यांच्या कन्या, मायाताई," तो म्हणाला. "यांच्याकडून ढोलकीला बक्षीस." एवढ्यावर तो थांबेल तर कमलेश कसला. त्याने दादांची सगळी कारकीर्द सांगायला घेतली, गावोगावचे कार्यक्रम, गेलेली माणसं. आबांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. ते हात वर धरून लेकीकडे बघत होते. आणि लेक त्यांच्यासमोर उभी होती, न हलता, न बोलता, पुढचं काही न ओढता.

मग जाईबाईंची टाच दणकन पडली आणि थाप तिच्याबरोबरच पडली. ती मायाला पायांच्या तळव्यांतून कळली. मांडवातून जी आरोळी उठली तिच्यामुळे संचिताच्या हातातली खीर सांडली. कमलेशने खुर्चीवरची शाल उचलली, ढोलकीजवळ वाकला आणि वाजवणाऱ्या आबांच्या खांद्यांवर घातली. खुर्ची त्याने स्वतःच उचलून खाली नेली.

मध्यंतरात आबा घामाने निथळत खाली आले. मायाने पाण्याचा तांब्या पुढे केला. दोन घोट घेऊन त्यांनी विचारलं, "कमलेश एवढं काय बोलत होता गं माइकवर?"

"तुमचं नाव पुकारत होता," ती त्यांना ओठ दिसतील अशी सावकाश म्हणाली.

"आणि तू काय करत होतीस तिथे? नोट दिल्यावर उतरायचं असतं."

"थांबले होते."

आबांनी तांब्या खाली ठेवला. आपल्याला नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"कोण, तू?" ते म्हणाले, आणि दोन वर्षांत हसले नव्हते एवढे मोठ्याने हसायला लागले.